दुखणे थांबले म्हणजे सांधा वाचला असे नाही



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाणी यांबद्दलच लिहितो. या खेपेचा विषय निराळा आणि थोडा संकोचाचा आहे. पण ऊसशेती शेवटी माणसाच्या गुडघ्यावर आणि पावलावर चालते, म्हणून लिहितो.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असते. भार वाढला की ती मोटार बंद पाडते. सारखी पडते म्हणून कुणी ती काढून टाकली, तर मोटार चालते खरी, पण एक दिवस वाइंडिंग जळते. शरीरात हेच काम दुखणे करते. गुडघा मुरगळला की कळ येते, आपण बसतो आणि सांध्याला भरून यायला सवड मिळते.

ही रिले निकामी करणारा जुना रोग म्हणजे उपदंश, बोलीत गरमी. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यक ग्रंथात त्याला फिरंग रोग म्हटले आहे. त्याचा जंतू १९०५ साली सापडला. रोग शरीरसंबंधातून लागतो, आणि गरोदर आईकडून पोटातल्या बाळालाही. आधी एक न दुखणारा चट्टा येतो, मग अंगावर पुरळ. दोन्ही औषधावाचूनही जातात आणि माणूस म्हणतो, सुटलो बुवा! पण गवताळ वाढीचा रोग जसा बेण्यात दडून लागणीबरोबर शेतात जातो, तसा हा जंतू अंगात दडून राहतो. उपचार न झालेल्या काहींना तो दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त वर्षांनी मज्जारज्जूत गाठतो.

पायाकडून खबर आणणाऱ्या नसा मज्जारज्जूत मागच्या बाजूने शिरतात. उपदंश नेमक्या त्याच नासवतो. पायाची ताकद बरीचशी शाबूत राहते, खबर मात्र येत नाही. नासताना पायात वीज चमकल्यासारख्या कळा मारतात. पुढे दोन गोष्टी जातात. पहिली, सांध्याच्या आतले दुखणे. दुसरी, पाऊल कुठे पडले याची जाणीव. दिवसा डोळ्यांनी पाहून माणूस चालतो, पण रात्री पाणी भरायला बांधावर गेला की झोकांड्या खातो. डोळे मिटून उभे करून डॉक्टर हेच तपासतात.

असा माणूस पाय आपटत चालतो. शिरा ताणल्या, हाड चिरले, तरी थांबत नाही, कारण पुरेसे दुखतच नाही. सांध्यात पाणी भरते, कूर्चा झिजते, हाडांचे तुकडे पडतात. बहुधा गुडघा आधी जातो. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली याचे वर्णन केले, म्हणून त्याला शार्कोचा सांधा म्हणतात.

१९४३ साली उपदंशावर पेनिसिलीन लागू पडले आणि हा प्रकार दुर्मीळ झाला. मात्र पेनिसिलीन जंतू मारते. मेलेली नस आणि मोडलेला सांधा परत आणत नाही. वेळेवर तपासणी हाच खरा इलाज. रक्ताची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये नाव गुप्त ठेवतात. नवरा-बायको दोघांनी तपासून घ्यावे. गरोदरपणी तर ही तपासणी चुकवूच नये.

आज असा सांधा होण्याचे मोठे कारण मधुमेह आहे. त्यात बहुतेक पाऊल आणि घोटा बिघडतो. कुष्ठरोगातही बधिर पायाचे असेच होते. म्हणून हे ध्यानात ठेवा:

१. एकच पाऊल, घोटा किंवा गुडघा सुजला, गरम लागला आणि त्या मानाने दुखत नाही, तर तो बरा समजू नका. त्यावर भार देणे त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टर गाठा.

२. चोळू नका, शेकू नका. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही.

३. मधुमेह असेल तर अनवाणी पाणी भरू नका. रोज रात्री तळवे पाहा. पाचट किंवा काटा रुतलेला असू शकतो.

४. नुसते दुखणे मारणारी सुई घेऊन तोडणीला उभे राहू नका. ते रिले काढून मोटार चालवण्यासारखेच आहे.

लाज बाळगून वर्षे घालवली तर पाय जातो. लाज सोडून दवाखान्यात गेलात, तर पुष्कळदा एका सुईत काम भागते.