अस्थिजनक प्रथिन आणि आपली जबाबदारी

हाड सांधत नसलेला रुग्ण हल्ली आम्हांस विचारतो, ‘‘हाड वाढविणारे प्रथिन निघाले आहे म्हणे, ते तुमच्या गोळ्यांत असते का?’’ उत्तरापूर्वी त्या प्रथिनाचा परिचय हवा.

१९६५ मध्ये लॉस एंजेलिस येथील शल्यतज्ज्ञ मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूंत रोवले. तेथे नवे हाड तयार झाले. यामागील प्रथिन म्हणजे ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, अर्थात बी.एम.पी. ते मूलपेशींना अस्थिजनक पेशी होण्याची प्रेरणा देते. त्यातील बी.एम.पी.-२ ला अमेरिकेत २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या सांधणीसाठी व २००४ मध्ये नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी मान्यता मिळाली.

शल्यतज्ज्ञ ते कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून नेमक्या जागी ठेवतात. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर सूज येऊन श्वास कोंडल्याच्या घटनांमुळे २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला. गर्भिणीस व अर्बुदाच्या जागी ते वर्ज्य आहे. पोटात घेतल्यास ते अन्य प्रथिनांप्रमाणे पचूनच जाईल.

सुश्रुतसंहितेनेही भग्नचिकित्सेत आंछन, पीडन, संक्षेप व बंधन सांगितले. केवळ पोटातील औषधावर भिस्त ठेवली नाही.

म्हणून हाडजोडीच्या गोळ्यांच्या वेष्टनावर ‘बी.एम.पी.युक्त’ असे छापण्याचा मोह फार्मसीधारकांनी टाळावा. वैद्यांनी संधान लांबलेल्या रुग्णास क्ष-किरण चित्रासह अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यांच्या संमतीने आपले औषध सोबत चालू शकेल. विलंब मात्र चालणार नाही.