विहिरीतला पट्टीचा पोहणारा समुद्रात का फसतो?

दिवाळी झाली आणि ऊस तोडीला गेला, की आपल्या बारामती-इंदापूर भागातून कोकणच्या सहली सुरू होतात. मिनीबस ठरते, पहाटे निघायचे, दुपारपर्यंत अलिबाग नाहीतर मुरूड. मग किल्ला, मासे आणि संध्याकाळी पाण्यात डुंबणे. गाडीत एक तरी जण असतोच, जो सांगतो, ‘मला काय भीती? मी लहानपणापासून पोहतोय.’ तो खोटे बोलत नसतो. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला, नीरा डाव्या कालव्यात सूर मारलेला माणूस असतो तो. पण काळजी करावी लागते ती त्याचीच. पोहता न येणारा गुडघाभर पाण्यातून पुढे जात नाही. हा जातो.

विहिरीत पाणी जागचे हलत नाही आणि कड कुठल्याही बाजूला चार हातांवर असते. कालव्याला ओढ असते, पण ती एकाच दिशेने आणि काठ दोन्हीकडे. समुद्रात काठ एकच असतो आणि पाणी त्याच्यापासून दूर नेऊ शकते.

लाटा सतत पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात; त्यांच्यामध्ये जिथे खोलगट फट असते तिथून ते एकवटून वेगाने आत जाते. याला रिप करंट म्हणतात. गंमत अशी, की या पट्ट्यात पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाणी. मुलांना घेऊन गेलेला माणूस नेमकी तीच जागा निवडतो, ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून.

असा प्रवाह जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकमधले जलतरणपटूही साधारण त्याच वेगाने पोहतात. म्हणजे त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारणे म्हणजे दमून बुडणे. तो माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो, आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर ओसरतो. शिवाय खारे पाणी गोड्यापेक्षा किंचित जड असल्याने त्यात तरंगणे उलट सोपे जाते. तेव्हा अडकलात तर पाठीवर पडून तरंगायचे, हात उंच करून मदत मागायची आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत प्रवाहाबाहेर यायचे. विहिरीत शिकलेल्याला हे जमत नाही, कारण त्याच्या अंगात ‘जवळची कड गाठ’ एवढेच भिनलेले असते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीला त्याचे बेट होते. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत चार मीटरपर्यंत फरक पडतो. एक मजला पाण्याखाली जाईल इतका. किल्ल्यात फोटो काढण्यात वेळ गेला आणि परतीला छातीभर पाणी लागले, असे होते ते यामुळेच.

कोकणातल्या जुन्या माणसांचा यावर एक हिशेब आहे आणि तो आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून करता येतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा; येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सुमारे सहा तास, सकाळी नऊला, ओहोटी. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, तेव्हा पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारून घ्यावे. त्याने ‘आता नको’ म्हटले तर वाद घालू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले.

आपले घरचे पाणी तरी भरवशाचे आहे असे नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. जंजिऱ्याच्या होडीत असो की भिगवणला पक्षी बघायला, लाईफ जॅकेट अंगात घालून बंद लावलेले हवे. मांडीवर ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, जेमतेम श्वास घेतला जातो, ओरडायला हवा उरत नाही. हात आपोआप पाणी दाबत राहतात, हलवता येत नाहीत. शेजारचे समजतात, खेळतोय. मिनिटाभरात तो खाली जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्याला वाचवायला थेट उडी मारली तर तो घट्ट मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी काहीतरी फेका: दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, तीन-चार साड्यांना गाठी मारून केलेला लांब पट्टा.

बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जायची भीती असते. बुडालेल्याला पाणी काढण्याची नव्हे, प्राणवायूची गरज असते. श्वास चालत नसेल तर उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, पुन्हा दोन श्वास. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. आणि शुद्धीवर येऊन तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला, तरी गाडी हॉटेलकडे न नेता दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो.