टनांच्या हिशेबाबाहेरचे पाणी

गोव्याच्या लोहखनिज उद्योगाची प्रगती दीर्घकाळ एकाच मापाने मोजली गेली: टनांनी. पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेली निर्यात १९५० नंतर जपानच्या मागणीने वाढली. घमेल्यांची जागा यंत्रांनी आणि टिपरांनी घेतली, मांडवीतून बार्जेस मुरगावकडे जाऊ लागल्या, माणशी टन वाढत गेले. २००० नंतर चीनने हलक्या प्रतीचा मालही उचलला आणि २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली.

अर्थशास्त्राचे माप तरी यापेक्षा फार वेगळे नव्हते. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या रीतीत उत्पादनाच्या वाढीतून श्रम आणि भांडवलाच्या वाढीचा वाटा वजा करतात. उरते ती उत्पादकता. या वजाबाकीत गाळ नाही, धूळ नाही. उलट प्रदूषण रोखायला लावलेली माणसे नि यंत्रे खर्चात मोजली जातात, त्यांचे फळ मात्र कुठेच जमा होत नाही. सावधपणे चालणारी खाण कागदावर आळशी ठरते ती अशी.

ही उणीव भरायला अर्थतज्ज्ञ पिटमन यांनी १९८३ मध्ये विस्कॉन्सिनच्या कागद गिरण्यांसाठी प्रदूषणही हिशेबात घेतले. १९९७ मध्ये चुंग, फेअर आणि ग्रॉसकॉफ यांनी स्वीडनच्या कागद उद्योगावर नवा निर्देशांक लावून पाहिला. इष्ट उत्पादन वाढणे आणि अनिष्ट घटणे, या दोहोंचे श्रेय तो एकदम देतो. त्यासाठी घाणीचा बाजारभाव ठरवावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. समजा, खनिज दहा टक्के वाढले आणि श्रम-भांडवल चार टक्के, तर जुन्या रीतीने उत्पादकता सहा टक्के वाढली. टाकाऊ माती बारा टक्के वाढली असेल आणि हिशेबात तिला पाव भार दिला, तर तीन टक्के गळतात. गोव्यात एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती निघत असे, तेव्हा ही वजाबाकी किरकोळ नव्हे.

डिचोली तालुक्यातल्या शिरगावात मात्र हे मापही अपुरे पडते. लईराई देवीच्या या गावाभोवती खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या. खड्डा कोरडा ठेवायला पंपाने पाणी उपसायचे, म्हणजे आसपासच्या विहिरींचे पाणी खाणीकडे ओढले जायचे. गावकऱ्यांचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने भूजलाचा अभ्यास केला. वर्षाकाठी निघणारी माती हा प्रवाह आहे, निर्देशांकात बसतो. भूजल हा साठा आहे. यंदाचा उपसा पुढच्या कैक वर्षांच्या पाण्यातून जातो, आणि वर्षागणिक वाढ मोजणाऱ्या निर्देशांकाला ते दिसत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले, म्हणजे विक्रमी वर्षे सगळी त्यातच आली, आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकृत ८८ पट्टे रद्द झाले. जुन्या मापाने ही नुसती घसरण; सुधारित मापाने तिच्यात घटलेल्या मातीची जमाही धरावी लागते.

डिसेंबर २०२२ च्या लिलावात शिरगावचे पट्टे पुन्हा दिले गेले. नव्या पट्टेदारांच्या टनांशेजारी उपसलेले पाणी आणि विहिरींची पातळी दरवर्षी मांडली गेली, तरच त्यांच्या उत्पादकतेविषयी काही बोलता येईल.