मॉर्टल कॉम्बॅट : खेळातला रक्तपात पडद्यावर

‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा २०२१ चा इंग्रजी चित्रपट त्याच नावाच्या व्हिडिओ गेमवर बेतलेला आहे. मूळ खेळ शिकागोच्या मिडवे कंपनीने १९९२ साली आणला. एड बून आणि जॉन टोबायस हे त्याचे जनक. दोन लढवय्ये समोरासमोर येतात, लाथाबुक्क्यांनी एकमेकांना तुडवतात आणि ज्याची शक्ती संपते तो हरतो. असे खेळ आधीही होते. ‘स्ट्रीट फायटर टू’ आदल्याच वर्षी आला होता. मिडवेने पात्रे हाताने रेखाटण्याऐवजी खऱ्या माणसांचे चित्रण करून घडवली आणि ‘फेटॅलिटी’ नावाचा अखेरचा घाव जिंकणाऱ्याच्या हाती दिला. काळीज उपटणे, मुंडके कण्यासकट ओढून काढणे, असा तो प्रकार.

१९९३ मध्ये खेळ घरच्या टीव्हीवर पोहोचला तेव्हा निन्टेन्डोने रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला. सेगाने रक्त ठेवले, मात्र बटणांच्या एका गुप्त क्रमामागे लपवून. तो क्रम पोरांना अर्थातच पाठ झाला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये या हिंसेवर सुनावणी झाली आणि १९९४ पासून तिथल्या व्हिडिओ गेमना वयानुसार दर्जा देणारे मंडळ सुरू झाले. आपल्याकडे अशा मारामारीच्या खेळांची ओळख झाली ती मुख्यतः नाक्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आणि टीव्हीला जोडायच्या कॅसेटमधून.

अशा खेळाचा चित्रपट करताना मोठी अडचण कथेची. खेळात ठोसा का मारायचा हा प्रश्न पडत नाही, कारण बटण आपल्याच बोटाखाली असते. प्रेक्षक नुसता बसून बघत असतो. त्याला वैराचे कारण लागते. दादासाहेब फाळक्यांपुढे ही अडचण नव्हती. नाशिकच्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे त्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ केला, तेव्हा बाळकृष्ण नागाशी का झुंजतो हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. कृष्ण झालेली मंदाकिनी ही त्यांचीच मुलगी. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये स्कॉर्पियन आणि सब-झिरो या दोन लढवय्यांचे वैर खेळणाऱ्यांना असेच आधीपासून ठाऊक असते. बाकीच्यांसाठी ते नव्याने रचावे लागते.

पॉल अँडरसन दिग्दर्शित १९९५ च्या पहिल्या चित्रपटाने स्पर्धेची सरळ गोष्ट सांगितली आणि किशोरवयीनांना येता यावे म्हणून रक्त जवळजवळ गाळले. तो चालला, १९९७ चा पुढचा भाग साफ पडला. सायमन मॅक्क्वॉइड यांच्या २०२१ च्या चित्रपटाने उलटी वाट धरली. ऑस्ट्रेलियात चित्रित झालेल्या या चित्रपटात फेटॅलिटी आहेत, त्याही आडपडदा न ठेवता : गोठवून तोडलेले हात, फिरत्या धारदार टोपीने उभी चिरलेली पंखधारी बाई. गोष्ट मात्र विस्कळीत आहे. कोल यंग हा नायक खेळात नव्हताच, तो चित्रपटासाठी घडवलेला. त्याहून विचित्र म्हणजे ज्या स्पर्धेवर सारा डोलारा उभा, ती चित्रपटात होतच नाही.

सर्वांत जमलेला भाग सुरुवातीचा. सतराव्या शतकातला जपान, हान्झो हासाशीचे, म्हणजे पुढच्या स्कॉर्पियनचे, घर आणि त्याच्या बायकोमुलाला मारायला आलेला बी-हान, म्हणजेच सब-झिरो. हान्झो बागेतले टोकदार हत्यार दोरीला बांधून लढतो. खेळात स्कॉर्पियनच्या हातून सुटणाऱ्या दोरीच्या भाल्याला इथे पटणारा उगम मिळतो. हान्झो झालेले हिरोयुकी सानादा यांनी सॉनी चिबा यांच्या संस्थेत मारामारीच्या कामाचे शिक्षण घेतलेले, तर बी-हान झालेले जो तस्लीम इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघातले ज्युदोपटू. दोघांचे पाय खरोखर जमिनीवर रोवलेले दिसतात. पुढच्या काही लढतींत कॅमेऱ्याची घाई आणि भराभर तुटणारी दृश्ये हा आनंद हिरावून घेतात.

चित्रपट २३ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेत चित्रपटगृहांत आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रातली चित्रपटगृहे तेव्हा बंद होती. भारतात तो ३० जुलैला लागला, पण राज्यातली दारे निम्म्या आसनक्षमतेने उघडली ती २२ ऑक्टोबरला. त्यामुळे नाशिकमध्ये त्या पहिल्या फेरीत तो मोठ्या पडद्यावर बघण्याची सोयच नव्हती.

अमेरिकेत त्याला ‘आर’ दर्जा मिळाला. सतराच्या आतली मुले पालकांबरोबर आत जाऊ शकतात. भारतात ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठराच्या आतल्या मुलाला पालक सोबत असले तरी प्रवेश नसतो. घरच्या पडद्यासाठी फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ओटीटी कंपन्यांना वयानुसार दर्जा दाखवणे बंधनकारक केले. ‘यूए १३+’ आणि त्यावरच्या दर्जासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते, आणि ‘ए’ दर्जासाठी प्रेक्षकाच्या वयाची पडताळणीही करावी लागते.