पहिल्या आठवड्यातला घास

मीरा रोडच्या चिकनच्या दुकानात तराजूवर चढणारी ब्रॉयलर कोंबडी जेमतेम ३५ ते ४२ दिवसांची असते आणि भरते साधारण दोन किलो. अंड्यातून निघाली तेव्हा तिचे वजन असते ४० ग्रॅमच्या आसपास. ही सगळी इंजेक्शनांची करामत, असा समज आजही घरोघरी ऐकू येतो. खरी कारणे वेगळी आहेत: पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेला वाण, चांगली निगा आणि आहार. त्यातही पहिल्या सात दिवसांचा आहार, कारण तेवढ्यात पिल्लाचे वजन चौपटीहून अधिक व्हायला हवे.

२१ दिवसांच्या उबवणीच्या अखेरीस अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही त्याची जन्मजात शिदोरी. त्यातली चरबी आणि प्रथिने त्याला पहिले दोन-तीन दिवस तगवतात. आईकडून आलेली प्रतिपिंडेही त्यातच असतात. म्हणूनच एका दिवसाची पिल्ले खोक्यांतून दूरच्या शेडवर पाठवता येतात. पण ‘बलक आहे, मग दाण्याची घाई कशाला?’ हा हिशेब चुकीचा आहे. बलकावर पिल्लू जगते, वाढत नाही. उलट दाणा पोटात गेला की आतड्यांची हालचाल वाढते आणि बलकही लवकर वापरला जातो.

आतड्यांच्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात; अन्नरस तेच शोषतात. पहिल्या काही दिवसांत ते झपाट्याने वाढतात, पण त्यासाठी आतड्यात अन्न लागते. छातीचे मांस ज्या पेशींमुळे भरते, त्याही याच काळात वेगाने विभागतात. इथे झालेली उपासमार पुढे भरपूर खाद्य टाकूनही पूर्ण भरून निघत नाही.

म्हणून पिल्ले येण्याआधीच दिवे लावून शेड तापवून ठेवावी. पिल्लाच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडून कडेला पळाली तर उकडते आहे. जमिनीवर पसरलेल्या तुसावर कागद अंथरून त्यावर बारीक दाण्याचे प्री-स्टार्टर खाद्य पसरावे. मका आणि सोयापेंडीच्या या खाद्यात २२-२३ टक्के प्रथिने असतात. शेजारीच स्वच्छ, कोमट पाणी ठेवावे. पाणी गार असेल तर पिल्लू पीत नाही, आणि तहानलेले पिल्लू खातही नाही.

सगळे जमले की नाही, हे बोटाने कळते. मानेच्या बुडाशी क्रॉप, म्हणजे अन्नाची पिशवी असते. ती हलकेच चाचपावी. मऊ, लापशीसारखी लागली तर पिल्लू खाऊन-पिऊन आहे. टणक लागली तर पाणी मिळालेले नाही. रिकामी असेल तर दाणाही नाही. २४ तासांनंतर जवळपास प्रत्येक पिल्लाची पिशवी भरलेली सापडायला हवी.

हा विषय फक्त कुक्कुटपालकाचा नाही; कोंबड्यांना दिलेल्या औषधांचा संबंध माणसाच्या आरोग्याशीही येतो. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतले प्रतिजैविक. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात त्याचा वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केला. औषधांवरची भिस्त कमी करायची, तर आतडे सुरुवातीलाच सुदृढ घडले पाहिजे. त्याला महागडे तंत्र लागत नाही. ऊब, कोमट पाणी आणि बारीक दाणा वेळेवर द्या. पहिल्या दिवसाची कसर चाळिसाव्या दिवशी भरून काढता येत नाही.