अभिलेखशोध

कार्यालय, न्यायालय, कंपनी, देवस्थान इत्यादी संस्थांच्या स्वतःच्या कामकाजातून निर्माण झालेल्या कागदपत्रांच्या संग्रहातून हवा असलेला कागद वा माहिती हुडकून काढण्याच्या क्रियेस अभिलेखशोध म्हणतात. ग्रंथालयातील शोधाहून हा शोध भिन्न आहे. ग्रंथ वाचकासाठीच लिहिलेला असतो आणि एक न मिळाल्यास त्याच विषयावरील दुसरा चालतो. अभिलेख मात्र कामापुरता लिहिला जातो आणि शोधणाऱ्यास बहुधा तोच एक कागद हवा असतो. शिवाय अभिलेखांची मांडणी कार्यालयाच्या सोयीने, म्हणजे क्रमांक, तारीख वा शाखा यांनुसार झालेली असते. शोध घेतला जातो तो माणूस, जमीन किंवा घटना यांच्या नावाने. या दोहोंना जोडणारी सूची नसेल, तर जपून ठेवलेला कागदही हरवल्यासारखाच असतो.

पुणे–सोलापूर महामार्गावरील यवत (ता. दौंड, जि. पुणे) येथील एखाद्या जमिनीचा पूर्वेतिहास शोधावयाचा झाल्यास या अडचणींचे स्वरूप ध्यानात येते. सातबारा, आठ-अ व फेरफार ही गावदप्तरे तलाठ्याच्या कक्षेत येतात (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी). जुनी दप्तरे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, मोजणीची टिपणे व नकाशे भूमि अभिलेख खात्यात, खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे, तर इनामासंबंधीचे जुने कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात शोधावे लागतात. यांपैकी दुय्यम निबंधकाकडे पक्षकारांच्या नावांची सूची एक आणि मिळकतींची सूची दोन अशी सोय असते; इतरत्र वर्ष किंवा क्रमांक आधीच ठाऊक असावा लागतो. नावेही बदलतात. आजचा दौंड तालुका पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. जुन्या इंग्रजी कागदांत दौंडचे ‘धोंड’ आणि यवतचे ‘येवत’ होते. १९४७ च्या कायद्यान्वये झालेल्या जमीन एकत्रीकरणात पुष्कळ गावांतील सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. जुन्या-नव्या क्रमांकांचे जुळवणीपत्रक हाती नसेल, तर एकाच शेताचे आधीचे व नंतरचे कागद परस्परांशी संबंध नसल्यासारखे भासतात.

पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले, बहुतांशी मोडी लिपीतील आणि कोट्यवधींच्या घरातील आहेत. त्यांतील रोजकीर्द दिवसवार लिहिलेली असल्याने शुहूर सनाची तारीख जाणणाऱ्यास ती उपयोगी पडते. केवळ गावाचे नाव घेऊन येणाऱ्यास नव्हे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३०–३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. इतिहाससंशोधकांची त्यामुळे मोठी सोय झाली. परंतु निवड म्हणजे सूची नव्हे, आणि खंडांत नाही ते दफ्तरात नाही, असे मानण्याची चूक पुष्कळदा होते.

कागद न सापडणे याचे अर्थ अनेक असतात. तो मुळात झालाच नसेल, दुसऱ्या कार्यालयात असेल, चुकीच्या गठ्ठ्यात गेला असेल किंवा नियमानुसार नष्ट केला असेल. महसुली कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले असून ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, तर ‘ड’ वर्गाचे एका वर्षानंतर काढून टाकता येतात. नाश केलेल्या कागदांची नोंदवही नीट ठेवलेली नसल्यास हे अर्थ वेगळे करता येत नाहीत, आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’ या एका ओळीच्या उत्तरावर एखाद्याचा वारसाहक्क अडून राहतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. तत्पूर्वी, १९८० नंतरच्या दशकात, अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन रचनेबरोबर अभिलेखांचीही फेरमांडणी केली. ‘लखिना पद्धत’ म्हणून ती ओळखली जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उलगडली गेली. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळांच्या प्रवेश नोंदवह्या, खासरा पत्रके यांपैकी एकही दप्तर जात शोधण्याच्या हेतूने ठेवलेले नव्हते. म्हणून ती पानोपान वाचावी लागली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसते. त्यामुळे नोंद मिळाल्यावरही तीतील व्यक्तीशी अर्जदाराचे नाते दाखविण्याचे काम उरतेच.

संगणकामुळे हा प्रश्न सुटतो, असा समज आहे. तो अंशतःच खरा आहे. डेव्हिड ब्लेअर व एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, एका दाव्याच्या सुमारे ४०,००० कागदपत्रांचा संगणकाद्वारे शोध घेणाऱ्या वकिलांना संबंधित कागदांपैकी निदान तीन-चतुर्थांश मिळाल्याची खात्री वाटत होती; प्रत्यक्षात सुमारे एक-पंचमांशच मिळाले होते. एकाच अपघाताला कोणी अपघात, कोणी घटना, तर कोणी ‘ती बाब’ म्हटले होते. महाराष्ट्रातील जुन्या सातबारा-फेरफारांचे चित्रांकन झाले असले, तरी ती पानांची चित्रे आहेत. त्यांतील शब्द यंत्रास आपोआप कळत नाहीत. त्यामुळे गाव, दप्तराचा प्रकार व क्रमांक यांवरूनच ती काढावी लागतात. चित्रांकनाच्या वेळी पान दुसऱ्या गावाच्या नावे चढले, तर ते संगणकात असूनही यवतच्या खातेदारास मिळत नाही, आणि मूळ गठ्ठा पुन्हा सोडावा लागतो.