मामा, मेंढरं आणि हैदराबादचा रस्ता

हेडफोन हाताशी नसतील तर हरकत नाही, आजचा भाग इथे वाचूनही होईल.

बरेच जण विचारतात, गेमिंगच्या मोठ्या कार्यक्रमाला जायचं तर तिथे नेमकं करायचं काय? आणि त्याहून अवघड प्रश्न, घरी सांगायचं काय? दोन्हीची उत्तरं मला एकाच प्रवासात मिळाली. तीही मामांमुळे.

नोव्हेंबर २०२४. हैदराबादला इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स होती. आधी एक फरक समजून घ्या. कॉमिक कॉनला कॉस्प्ले, गर्दी, खरेदी असते. ही कॉन्फरन्स म्हणजे गेम बनवणाऱ्यांचा मेळावा. एकीकडे भाषणं, दुसरीकडे स्टॉल, जिथे लोक आपले अर्धेमुर्धे गेमही खेळायला ठेवतात.

मी फोनवर चालणारा एक छोटा गेम बनवत होतो. मेंढपाळाने आपली मेंढरं हायवे ओलांडून न्यायची, बस एवढंच. पण घरी बाबांचा ठाम नकार. नात्यातल्या एका दादाने ऑनलाइन रमीत बरेच पैसे घालवले होते, त्यामुळे आमच्याकडे गेम म्हणजे जुगार. शेवटी मामा म्हणाले, "दाजी, मी नेतो त्याला. डोळ्यांनी बघून येतो आणि मग सांगतो."

मामा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. पुणे ते हैदराबाद साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, सोलापूरवरून सरळ राष्ट्रीय महामार्ग ६५. मामांचे नियम ठरलेले. पहाटे पाचला निघायचं, दर दोन तासांनी थांबायचं, पोटभर जेवून लगेच स्टेअरिंग धरायचं नाही. फास्टॅगचा बॅलन्स आदल्या रात्रीच बघायचा. आणि रस्त्याचा नकाशा फोनमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवा, मध्ये कुठे रेंज गेली तर अडायला नको.

भिगवणला चहाला थांबलो. मी सहज फोन मामांच्या हातात दिला. "खेळून बघा." मामांनी मेंढपाळावर बोट दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. मी म्हणालो, "अहो मामा, बोट सरकवायचं." मामांनी माझ्याकडे बघितलं. "हे मला कुठं सांगितलंय? नवीन गाडीत बसलो तरी चावी कुठं लावायची ते दिसतं. तुझ्या गेममध्ये चावी कुठंय?"

बोलती बंद! कॉलेजच्या मित्रांनी तोच गेम वीसेक वेळा खेळला होता. पण प्रत्येक वेळी मी शेजारी बसून सांगत होतो. याला प्लेटेस्टिंग म्हणतात, आणि त्याचा पहिला नियम मला चहाच्या टपरीवर कळला: ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या हातात गेम द्या आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे अडतो, तिथे चूक तुमची.

पुढे सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत कर्नाटकाचा तुकडा ओलांडला आणि जहीराबादवरून संध्याकाळी हैदराबादेत शिरलो. रात्री लॉजवर मी एकच काम केलं. पहिल्या स्क्रीनवर सरकणारं बोट काढलं. मामांनी पुन्हा खेळून बघितलं. तिसऱ्या मेंढराला ट्रकने उडवलं, पण सुरुवात तरी झाली!

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिकलो ते थोडक्यात सांगतो. पास घेण्याआधी त्यात कुठे कुठे जाता येतं ते वाचा. गेम नेटशिवाय चालेल असा ठेवा. पॉवर बँक घ्या. आपला गेम दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. "मला जॉब द्या" म्हणू नका, "पाच मिनिटं खेळून चूक सांगाल का?" असं विचारा. लोक खरंच सांगतात. मला एका ताईंनी सांगितलं की पुन्हा सुरू करायचं बटण अंगठ्यापासून फार लांब आहे. ते मी लगेच लिहून घेतलं.

मामा मात्र प्रत्येक स्टॉलवर एकच विचारत होते, "यात पैसे कसे मिळतात?" उत्तरं साधी होती. कुणी गेम एकदाच विकतं, कुणी जाहिराती दाखवतं, कुणी आतल्या वस्तू विकतं. मी त्यांना 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक'बद्दल सांगितलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० मध्ये आलेला गेम. सिनेमाच्या तिकिटासारखं, पैसे देऊन घ्यायचा आणि खेळायचा. जिंकून पैसे मिळवायची भानगडच नाही.

रात्री मामांनी फोन लावला. "दाजी, आपला पोरगा पैसे लावत नाही, वस्तू बनवतोय. त्या रमीचं आणि ह्याचं काही नातं नाही. पण यावर घर चालेल का, ते मला अजून कळलेलं नाही." खरं तेच बोलले. बाबांनी एक वर्ष दिलं.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यातही हाच फरक आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना मात्र प्रोत्साहन. घरी वाद झाला तर आवाज चढवू नका, हा फरक शांतपणे समजावून सांगा.

आणि जमलं तर घरातल्या एका शंकेखोर माणसाला सोबत न्या. आपले मित्र वाहवा करतात. चावी कुठंय, हे तोच विचारतो.

चला, भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!